लाल जहाज आणि लाइफबोटीचं इंजिन

उदगीर

चि. शिवानी,
अनेक आशीर्वाद.

तुझं जॉइनिंग लेटर आईनं देवापुढं ठेवलंय. पाव्हण्यारावळ्यांना ती 'लेक क्रूझवर चालली' म्हणून सांगते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तू गोव्याच्या बोटीत नाचगाणी बघायला निघालीस. अंटार्क्टिकाच्या जहाजावर इंजिनरूममध्ये चाललीय म्हणून मी सांगायला गेलो, की माणसं आवंदाच्या सोयाबीनच्या भावावर येतात. तेव्हा बोलायचं ते तुलाच लिहितो.

फोनवर तू म्हणालीस, 'अप्पा, ही जहाजं मुद्दाम बर्फासाठी बांधलेली असतात.' असतील. पण प्रवाशांना बर्फाच्या मुलखात फिरवायच्या या धंद्यासाठी मुद्दाम बांधलेलं जे पहिलं जहाज, त्याची हकीकत मी दुकान बंद झाल्यावर बसून वाचून काढली. तुला कॉलेजात त्याचा बुडाल्याचा धडा तेवढा शिकवला असेल. त्याआधीचंही ऐक.

लार्स-एरिक लिंडब्लाड नावाचा एक स्वीडिश माणूस अमेरिकेत प्रवासी कंपनी चालवायचा. १९६६ साली त्यानं अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्यानं घेऊन हौशी लोकांना अंटार्क्टिका दाखवून आणलं. तोवर तिकडं बहुतेक शास्त्रज्ञ, खलाशी आणि देवमासे मारणारेच जायचे. भाड्याच्या जहाजावर त्याचं समाधान होईना, मग त्यानं फिनलंडमध्ये स्वतःचं बांधून घेतलं. १९६९ साली 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' पाण्यात आलं. लांबी जेमतेम ७३ मीटर, प्रवासी शंभराच्या आसपास, बर्फाला तोंड देईल असा मजबूत सांगाडा, आणि रंग लालभडक. लोक त्याला 'छोटं लाल जहाज' म्हणायचे. पांढऱ्या मुलखात लांबून दिसावं तर लालच पाहिजे, हे मला पटलं.

माणूस डोक्यानं तेज होता. रबरी झोडियाक बोटींतून थेट किनाऱ्यावर उतरवायचं, आणि सोबत पक्ष्यांचे नाहीतर समुद्राचे जाणकार द्यायचे, ही पद्धत त्यानंच रुळवली. रॉजर टोरी पीटरसनसारखा पक्षीतज्ज्ञ त्या जहाजावर व्याख्यानं द्यायचा. तुमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात जे छापलंय ना, झोडियाक, व्याख्याते, पेंग्विनच्या वसाहती, ते सगळं तिथून आलंय.

आता दुसरी बाजू. १९७२ मध्ये हे जहाज अंटार्क्टिकात खडकावर चढलं. चिलीच्या नौदलानं प्रवाशांना सोडवलं. १९७९ च्या नाताळात परत अडकलं, परत चिलीचंच नौदल धावलं. त्या जहाजाला लोक नशीबवान म्हणत आले. मला तसं वाटत नाही. दोन्ही वेळेला दुसऱ्याचं जहाज पोचण्याजोगं होतं, एवढंच.

पण त्याचा पराक्रमही खरा, तो नाकारून चालणार नाही. १९८४ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून निघून, आर्क्टिकच्या बेटांमधल्या वायव्य मार्गानं, ते जपानच्या योकोहामाला पोचलं. त्या वाटेनं गेलेलं ते पहिलं प्रवासी जहाज. नॉर्वेचा धाडसी प्रवासी ॲमुंडसेन, त्याला हीच वाट काढायला १९०३ ते १९०६ लागले होते. पुढं जहाजाचे मालक बदलले, नावंही बदलली. आधी 'सोसायटी एक्सप्लोरर', मग नुसतं 'एक्सप्लोरर'.

नोव्हेंबर २००७ मध्ये ते अर्जेंटिनाच्या उशुआइयाहून निघालं. जहाजाचं वय ३८, वर १५४ माणसं. २२-२३ तारखेच्या मधल्या रात्री, अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण शेटलंड बेटांपाशी बर्फावर आपटलं आणि पत्रा फाटला. पाणी भरत गेलं, वीज गेली, इंजिनं बंद पडली. सगळ्यांना लाइफबोटींत उतरवलं. त्या लाइफबोटी उघड्या होत्या, वर छत नाही. त्यात बहुतेक बोटींची इंजिनं चालूच झाली नाहीत! झोडियाकवाल्यांना त्यांच्यामागं धावपळ करावी लागली. चार-पाच तास लोक गारठत बसले. मग नॉर्वेचं 'नॉर्डनॉर्गे' आलं आणि एकूणएक माणूस वर घेतला. समुद्र तोवर शांत होता. संध्याकाळी जहाज तळाला गेलं, हजार मीटरहून खोल.

जहाजावर लायबेरियाचा झेंडा होता, म्हणून चौकशी लायबेरियानं केली. २००९ च्या अहवालात कप्तानावर ठपका आहे. माणूस बाल्टिक समुद्रातला मुरलेला, पण अंटार्क्टिकाचा बर्फ त्याच्या ओळखीचा नव्हता. समोरचा बर्फ एका हिवाळ्यात समुद्रावर धरलेला आहे असं समजून तो आत शिरला. तो निघाला जमिनीवरच्या हिमनदीतून तुटून आलेला. समुद्राच्या कोवळ्या बर्फात खारं पाणी अडकलेलं असतं, त्यामुळं तो त्या मानानं ठिसूळ. हिमनदीचा बर्फ गोड्या पाण्याचा, वर्षानुवर्षं दाबून कठीण झालेला. तू इंजिनरूममध्ये असणार, बर्फ ओळखणं वर ब्रिजवरून जहाज हाकणाऱ्यांचं काम. मला तुझ्यासाठी घोर आहे तो लाइफबोटीच्या इंजिनांचा.

माझा जन्म पाण्याच्या जळालेल्या मोटारींची वायर परत भरण्यात गेला, त्यामुळं हे मला वाचताक्षणीच कळलं. आपल्याकडं लाइट गेली तर असावं म्हणून विहिरीवर डिझेल इंजिन ठेवलेलं असतं, आणि ज्या दिवशी पिकाला खरंच पाणी पाहिजे त्याच दिवशी ते हँडल मारून मारून खांदा उतरला तरी बोलत नाही. टाकीत पाणी साचलेलं, नोझल चिकटलेलं. इंजिन खराब नसतं, त्याला वर्षभर कुणी विचारलेलं नसतं.

सोलासच्या, म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेच्या जागतिक नियमांच्या, तुझ्या पुस्तकातच आहे, मी खूण करून ठेवलीय: लाइफबोटीचं इंजिन दर आठवड्याला निदान ३ मिनिटं पुढं-मागं चालवून बघायचं. कागदावर हे काम फार सोपं आहे. रजिस्टरमध्ये सही मारायला तर ३ सेकंदही लागत नाहीत. तू नवीन, त्यात पोरगी, म्हणून कुणी म्हणेल 'सही कर, झालंय चेक.' करायची नाही. आधी इंजिन तुझ्या कानानं ऐक, मग सही कर. चीफ इंजिनीअर चिडला तर चिडू दे. तुझी नोकरी गेली तर उदगीरला दुकान आहे.

नियम पुढं कडक झाले. १ जानेवारी २०१७ पासून पोलर कोड, म्हणजे ध्रुवाकडच्या समुद्रातल्या जहाजांचे नियम, आला. ध्रुवाकडं जाणाऱ्या प्रवासी जहाजाला उघड्या लाइफबोटी चालत नाहीत, आणि मदत येईस्तोवर निदान ५ दिवस माणसं तगतील अशी सोय लागते. त्याआधी २०११ पासून अंटार्क्टिकात जड तेल जाळायलाच काय, न्यायलाही बंदी झाली. हे वाचून आईला मी 'आता सगळं पक्कं आहे' असं सांगितलंय. तुला नाही सांगत.

आजीला मी अंटार्क्टिकातले आपल्या सरकारचे 'मैत्री' आणि 'भारती' तळ नकाशावर दाखवले, तर ती म्हणाली, 'मग शिवा तिथं जेवायला जाईल की.' तिला हे दोन्ही तळ तुझ्या वाटेपासून किती लांब आहेत ते समजावत बसलो नाही.

काळा मसाला आणि शेंगाचटणी पॅक केलीय. सामानाचं वजन किती चालतं ते कळव, नाहीतर आई विमानतळावर भांडेल. आणि माझं एक काम कर. उणे तापमानात लाइफबोटीच्या बॅटऱ्या कशा ठेवतात, हीटर लावतात की खाली काढून आत आणतात, ते चीफला विचारून लिही. इंजिनात तेल कुठल्या ग्रेडचं घालतात तेही.

तुझे
अप्पा