घरगुती कृती प्रमाणासकट छापा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेलं चेहरा उजळण्याच्या घरगुती उपायांचं पान कापून घेऊन गिऱ्हाइकं आमच्या दुकानात येताहेत. मिरजेत आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. घरगुती उपायांवरच आमचं घर चालतं, तेव्हा मी त्यांच्या विरोधात बोलतोय असं कुणी समजू नये. पण पानावरची पहिलीच कृती, लिंबाचा रस आणि खायचा सोडा कालवून तोंडाला लावण्याची, छापायला नको होती.

त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा २ च्या घरात, सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. दोन्ही एकत्र केले की फसफसतं, बघणाऱ्याला वाटतं काहीतरी काम चाललंय. प्रत्यक्षात जे जास्त पडलं असेल ते उरतं आणि कातडीला झोंबतं. त्याहून वाईट म्हणजे ऊन. आपल्या कागदी लिंबात, विशेषतः सालीत, बावची या औषधी बियांत असतात त्याच जातीची, उन्हात कातडी भाजणारी द्रव्यं असतात. बावचीचं तेल वैद्य कोडावर लावून कोवळ्या उन्हात बसायला सांगतात. वेळ थोडी जास्त झाली की फोड उठतात, हे आमच्याकडे पुड्या बांधणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. लिंबू पिळून हात न धुता उन्हात गेलं, तर एकदोन दिवसांनी लालभडक चट्टा उठू शकतो आणि तो काळा पडला की महिनोन्‌महिने जात नाही. गोरं व्हायला निघालेल्या मुलीला हा डाग गालावर मिळाला तर? (गोरं कशाला व्हायचं, हा प्रश्न वेगळाच.)

कोरफडीचंही तसंच. ‘गर काढून बाटलीत भरून ठेवा’ एवढंच लिहिलंय. पान कापल्यावर आधी ते उभं धरून पिवळा चीक निथळू द्यावा लागतो. तोच चीक आटवून केलेला काळा बोळ आमच्या बरणीत असतो, रेचक म्हणून. चेहऱ्याला लागला तर खाज सुटू शकते. आणि गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, तो फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही. लागेल तेवढाच काढावा.

हळद कुठली, तेही सांगितलेलं नाही. अंगाला लावायची ती आंबेहळद. स्वयंपाकाची लावायचीच असेल तर हळकुंड आणून घरी उगाळावं. सुट्या पुडीत मेटॅनिल यलोसारखा भेसळीचा पिवळा रंग असू शकतो, आणि सांगलीचा हळदीचा बाजार शेजारी असूनही मी हे म्हणतोय.

उटण्याबद्दल मात्र आपण दोनच ओळी दिल्यात, आणि खरं लिहिण्यासारखं तेच होतं. मसूर डाळ, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गुलाबपाकळी. सगळं कडक वाळवून कुटायचं आणि वस्त्रगाळ करायचं. मिक्सरमधली भरड तशीच चोळली तर बारीक ओरखडे पडतात, मग म्हणतात उटणं सोसलं नाही! आमच्याकडे शेवटचं चाळणं अजून मलमलच्या फडक्यातूनच होतं. पूड दोन बोटांत चोळून कण लागला तर पुन्हा खलात. लावताना आधी अंगाला तेल, मग दुधात किंवा पाण्यात कालवलेलं उटणं, आणि ओलं असतानाच धुऊन टाकायचं. वाळून कातडी ताणेपर्यंत ठेवायचं नाही.

दिवाळीच्या पुरवणीत उटण्याची कृती द्याल तेव्हा प्रत्येक जिन्नस किती ग्रॅम ते छापा. आणि ‘आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा’ ही ओळ शीर्षकाएवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या.

– एक काष्ठौषधी विक्रेता, मिरज