नानकटाईचा तो पत्रा

कोल्हापूर,
26 डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताईकडे तुमचं बरं चाललंय असं कळलं. इथं थंडी चांगलीच पडलीय. सकाळी रंकाळ्यावर धुकं असतंय आणि तुपाच्या बरणीत चमचा घुसत नाही. ती बरणी आता अर्ध्यावर आलीय, हे आधीच सांगून टाकतो. आई, गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध, त्याची साय साठवून तू कढवलेलं तूप. बिस्किटांत गेलं.

झालं असं, तुमच्या नातीला नाताळची सुट्टी लागली आणि तिच्या डोक्यात जॅम भरलेल्या कुकीज शिरल्या. पिठाचा गोळा वळायचा, मधोमध अंगठा दाबायचा, त्या खळग्यात जॅम घालून भाजायचं. मी म्हटलं, अगं ही आपली नानकटाईच की, आजी चारोळी दाबते तिथं तू जॅम घाल. तर म्हणे, ते वेगळं असतंय. स्वीडनमध्ये ह्यांना रासबेरीच्या गुहा म्हणतात, हेही ऐकवलं. आणि ऑस्ट्रियातल्या लिंझ गावच्या जॅमवाल्या केकची कृती 1653 सालच्या हस्तलिखितात सापडते म्हणे. बाबा, 1653 म्हणजे शिवाजी महाराज तेवीस वर्षांचे! तुम्ही असता तर त्या दिवशी बिस्किटं काही झाली नसती.

जॅम घरीच केला. कपिलतीर्थ मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आलीय, अर्धा किलो आणली. तीनशे ग्रॅम साखर घालून तासभर ठेवली, मग मंद आचेवर. आटता आटेना. तू पेरूची जेली करायचीस ती कशी पटकन धरायची, कारण पेरूत पेक्टिन भरपूर. स्ट्रॉबेरीत ते कमी, म्हणून अख्खं लिंबू पिळावं लागलं. फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटानं ढकलला, सुरकुती पडली, मग गॅस बंद केला. पातळ जॅम घातला तर ओव्हनमध्ये उकळून उतू जातो. बाजूनं वाहून पत्र्याला असा चिकटतो की उलथनं वाकतं. (वाकलंय. मोठं नाही, छोटं.)

खरी फजिती पुढंच. कृतीत तीनशे ग्रॅम मैदा, दोनशे लोणी आणि शंभर साखर होती. मी शहाणपणा करून दोनशे लोण्याच्या जागी दोनशे तूप घातलं. पहिला पत्रा बाहेर काढला तर सगळ्या बिस्किटांचं मिळून एकच घावन! विकतच्या लोण्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपासच स्निग्धांश असतो, बाकीचं बरंचसं पाणी. तूप म्हणजे सगळं तूपच. दुसऱ्या खेपेला एकशे साठ घेतलं, गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले, आधी आठ मिनिटं नुसतेच भाजले, मग खळगे चमच्याच्या मागच्या बाजूनं पुन्हा दाबून जॅम भरला आणि आणखी सात मिनिटं. जमलं. कडेला जेमतेम सोनेरी, मध्ये लाल डोळा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगतो. फोनवर बोलायला जीभ रेटली नसती.

परातीत तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत तळहातानं फेसलं, वर जायफळ किसलं, आणि त्या वासानं मला थेट मंगळवार पेठेतल्या बेकरीच्या भट्टीसमोर नेऊन उभं केलं. दिवाळीच्या आधीची रांग. घराघरातनं आलेले पत्रे, प्रत्येकात नावाची चिठ्ठी. मी पाचवीत होतो. तुम्ही मला पत्रे आणायला पाठवलंत आणि घरी आल्यावर आईनं एक नानकटाई मोडून वास घेतला. "ही आपली नव्हे. हिच्यात इसेन्स आहे." मग पदर खोचून तू बेकरीत गेलीस आणि त्या माणसाला चारचौघांत नाही नाही ते बोललीस. तो आपला म्हणत राहिला, वहिनी, मी चिठ्ठी बघूनच दिलं.

त्यानं बघूनच दिलं होतं, आई.

बदलला मी. आपल्या नानकटाईला तडे कमी पडले होते. शेजारच्या पत्र्यातली कशी टम्म फुगलेली, वर फुलासारख्या चिरा. तो आत वळला तेवढ्यात मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. त्या दुसऱ्या घरात आपली जायफळाची गेली, त्यांनी काही तक्रार केली नाही. आवडली असेल.

त्यानंतर आपण त्या बेकरीची पायरी चढलो नाही. बाबा, तुम्ही दर दिवाळीला कॅरिअरला पत्रे बांधून, एक हात मागं धरून पार राजारामपुरीपर्यंत सायकल मारत राहिलात. मी पुढच्या दांड्यावर बसून यायचो आणि गप्प राहायचो. पुढं घरी ओव्हन आला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त मलाच हायसं वाटलं होतं.

परवा मुद्दाम तिकडनं गेलो. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. काउंटरवर वीस-बावीस वर्षांचं पोरगं होतं, त्याला काय विचारणार? स्क्रीनगार्ड बसवून घेतलं आणि आलो.

चोवीस तारखेला शेजारच्या मावशींना ताटली भरून दिली. त्या वायल्डर मेमोरियल चर्चला निघाल्या होत्या, तिथल्या तिथंच दोन खाल्ल्या. ताटलीत कुठल्या द्यायच्या ह्यावरनं घरात वाद झाला. चांगल्या द्याव्यात असं माझं मत, पण नातीनं स्वतःच्या वेड्यावाकड्याच भरल्या. म्हणाली, ह्या मी केलेल्या आहेत ना.

तुमच्यासाठी स्टीलच्या डब्यात सोळा ठेवल्यात, मध्ये बटर पेपर घालून. बाबांना रोज एकच, साखरेचा रिपोर्ट बघूनच. चारोळीवाल्या आठ वेगळ्या आहेत, जायफळाच्या, तुझ्या मापानं.

आई, ओरडायचं असेल तर फोन रात्री आठनंतर कर, दिवसा कामात असतो. आणि येताना एक छोटं उलथनं घेऊन ये.

तुमचा,
बाळ्या