एकाच पगारात दोन माणसं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप वाचला. ‘मून’ हा क्लोनवरचा सिनेमा अर्धा बघितला, झोप आली आणि विज्ञान बोगस आहे, एवढ्यात निकाल लावलास. झोपेचं नंतर बघू. विज्ञानावरून जनावरांच्या डॉक्टरशी भांडण्याइतका मी खुळा नाही. क्लोन केलेली डॉली मेंढी १९९६ च्या जुलैत एडिंबराजवळच्या रॉझलिन संस्थेत जन्मली ती कोकरू म्हणूनच, आणि २७७ बीजांडांच्या खटाटोपातून ती एकटीच हाती लागली. हरियाणातल्या कर्नालला २००९ मध्ये ‘गरिमा’ ही क्लोन म्हैस झाली तीही रेडकूच. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं. त्याला पहिल्याची एकही आठवण नसते, सगळं आयुष्य नव्याने काढावं लागतं. सिनेमातला क्लोन मात्र चाळिशीचा, दाढीसकट आणि बायकोच्या आठवणींसकट तयार होऊन बाहेर येतो. लबाडी आहे, कबूल.

पण ती का करतात ते बघ. खरा क्लोन दाखवायचा तर तीस वर्षं थांबा, वेगवेगळ्या वयाची मुलं आणा, शाळा दाखवा, आई दाखवा. लबाड क्लोनला तोच नट, तेच कपडे आणि तीच खोली पुरते. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला विज्ञानकथेत परवडणारं पात्र एकच, आहे त्याच माणसाची दुसरी प्रत. यंत्रमानव उभा करायला खर्च, परग्रहवासी उभा करायला खर्च. प्रतीला नुसता वेळ लागतो.

‘मून’ २००९ चा, दिग्दर्शक डंकन जोन्सचा पहिलाच. डेव्हिड बोवी या गायकाचा हा मुलगा, तत्त्वज्ञान शिकलेला, जाहिराती करून इथवर आलेला. बजेट साधारण ५० लाख डॉलर. तुला आकडा मोठा वाटेल, पण हॉलिवूडच्या मानाने ही चिल्लर. लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत ३३ दिवसांत शूटिंग उरकलं. चंद्रावर धावणाऱ्या त्या गाड्या कॉम्प्युटरवर काढलेल्या नाहीत. ती हातभर लांबीची मॉडेल्स आहेत, खोट्या धुळीतून ओढलेली, वर नंतर थोडी डिजिटल डागडुजी. मॉडेल करणारे कसबी कारागीर तेव्हा मोकळे मिळाले, कारण अमेरिकेतल्या लेखकांच्या संपाने मोठ्या सिनेमांची कामं थंडावली होती. एकाचा संप, दुसऱ्याचं फावलं!

आता पुढची गोष्ट सांगून टाकतो, तू तसाही परत लावणार नाहीस. सॅम बेल चंद्रावर हीलियम-३ हा इंधनाचा वायू काढणाऱ्या कंपनीचा एकुलता एक कामगार. करार तीन वर्षांचा. सोबतीला बोलणारं एक यंत्र आणि बायकोचे रेकॉर्ड केलेले निरोप. परतायला दोन आठवडे उरलेले असताना अपघात होतो, आणि शुद्धीवर येऊन तो बाहेर जातो तर गाडीत अजून एक सॅम निपचित पडलेला. दोघेही क्लोन. खरा सॅम कधीचाच पृथ्वीवर परतलाय. तीन वर्षं भरत आली की क्लोनचं शरीर झिजतं, त्याला ‘घरी जायच्या’ पेटीत झोपवतात, पेटीतच त्याची राख होते आणि तळघरातल्या खणातून पुढचा उठवतात. त्याला वाटतं, आपण आजच नोकरीवर रुजू झालो.

यात कुणी वेडा शास्त्रज्ञ नाही, देवाला आव्हान वगैरे नाही. हिशोब आहे फक्त. दर तीन वर्षांनी नवा माणूस निवडा, शिकवा, चंद्रावर पोचवा, परत आणा, यापेक्षा खणातला काढणं स्वस्त. कंत्राटी कामगाराचा यापेक्षा सरळ सिनेमा मी पाहिलेला नाही. आणि गंमत म्हणजे निर्मात्याचा हिशोबही अगदी कंपनीसारखाच! सॅम रॉकवेल हा एकच नट घ्यायचा आणि त्याच्याकडून दोघांचं काम काढायचं. तो आधी एका सॅमचा प्रसंग करायचा, त्यातला बरा टेक निवडायचा, मग मेकअप बदलून समोरच्या बदली नटाला बघत दुसऱ्या सॅमचा. दिवसभर स्वतःशीच भांडण.

आपण डबल रोलवर वाढलेली माणसं. आपल्याकडे एक भोळा, एक बेरकी, एकाला मिशी, की काम झालं. इथे दोघांत फरक फक्त तीन वर्षांच्या एकटेपणाचा. जुना सॅम मवाळ झालाय, लाकडातून इवलंसं गाव कोरत बसतो, स्वतःशी बडबडतो. नवा अजून तापट आहे, ठोसे मारायच्या तयारीत. तीन वर्षांपूर्वीचा आपण समोर उभा राहिला तर आपल्यालाही तो आवडणार नाही, एवढं त्यांच्या टेबल टेनिसच्या खेळातून कळतं. झोप लागली ती नेमकी कुठे, ते कळव. याच्या आधी लागली असेल तर तू काहीच पाहिलं नाहीस.

आणि तो फोन. जुना सॅम तळापासून लांब जाऊन घरी फोन लावतो. पडद्यावर मुलगी दिसते, पंधरा वर्षांची. त्याच्या आठवणीत ती तान्ही आहे. बायको वारलेली. मुलगी मागे वळून बापाला हाक मारते आणि बापाचा आवाज येतो, ह्याचाच. कुठे स्फोट नाही, पाठलाग नाही. फक्त आवाज. खर्च किती आला असेल सांग!

याच्या उलट बाजूही आहे. १९७९ मध्ये ‘पार्ट्स: द क्लोनस हॉरर’ नावाचा एक स्वस्तातला भयपट आला होता, श्रीमंतांच्या अवयवांसाठी पाळलेले क्लोन, खर्च काही लाख डॉलर. सिनेमा यथातथाच. पण २००५ मध्ये हॉलिवूडच्या मायकेल बे या दिग्दर्शकाने ‘द आयलंड’ काढला, बारा कोटींहून जास्त डॉलर घालून, आणि जुन्या निर्मात्यांनी आमची कल्पना उचलली म्हणून खटला भरला. शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हा वाद क्लोनच्याच सिनेमांवरून कोर्टात जावा!

पैशाची खरी तंगी बघायची तर ‘प्रायमर’, २००४. शेन करूथ नावाच्या, गणित शिकलेल्या प्रोग्रॅमरने ७ हजार डॉलरमध्ये केला. लेखन, दिग्दर्शन, संगीत, संकलन आणि मुख्य काम, सगळं स्वतः. त्या वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं मोठं पारितोषिक त्यालाच. यात क्लोन नाही, कालप्रवासाची पेटी आहे, पण पेटीत शिरलं की काही तास गावात तुम्ही दोघे असता. एकाने हॉटेलात फोन बंद करून लपायचं, दुसऱ्याने शेअर घ्यायचे. पुढे तर एकजण स्वतःच्याच दुधात गुंगीचं औषध घालतो. कथा मला अजूनही पूर्ण उलगडलेली नाही, आणि ती उलगडावी म्हणून आकृत्या काढत बसणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. मैत्री कशी नासते ते बघ, पेटीचं जाऊ दे.

‘ड्युअल’ मात्र निम्माच जमलाय. टॅम्पेरेला, फिनलंडमध्ये केलेला, २०२२ चा. मरणाच्या दारातली बाई घरच्यांसाठी स्वतःचा क्लोन विकत घेते, मग खडखडीत बरी होते. तोवर तिच्या आईला आणि मित्राला क्लोनच जास्त आवडू लागलेला. वर त्या क्लोनचा खर्चही हिनेच द्यायचा! इथवर काय झकास. पुढे दोघींतली एकच जगू शकते, म्हणून द्वंद्वाची तालीम सुरू होते आणि सिनेमा ढिला पडतो.

तू मे महिन्यात येशील तेव्हा ‘कोहेरन्स’ लावू. दिग्दर्शकाच्या स्वतःच्याच घरात, पाच रात्रींत केलेला. नटांना पूर्ण संवाद दिलेच नव्हते, रोज फक्त आपापल्या चिठ्ठ्या. जेवायला जमलेले आठ मित्र, धूमकेतू, वीज गेलेली, आणि पलीकडे उजेड असलेलं एकच घर, त्यात हेच आठजण. आपण कुठल्या घरातले हे ओळखायला त्यांच्याकडे काय असतं, तर अंधारात चमकणाऱ्या कांड्यांचा रंग, निळा की लाल. याहून जास्त सांगत नाही. फोनवर बघू नकोस, आणि जेवून लगेच तर नाहीच.

एक विचारायचं राहिलं. एकाच भ्रूणाचे दोन भाग करून झालेल्या जुळ्या कालवडी तू कधी सांभाळल्यास का? स्वभाव सारखे निघतात की एक मारकी निघते? वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश