रविवारी येण्याआधी पत्त्यांची नावं पक्की करा

नव्या मंडळींनो, रविवारी सकाळी १० वाजता मालवणात पत्त्यांच्या जादूसाठी नेहमीच्या जागी बसायचं आहे. त्याआधी एवढं तोंडपाठ हवं. पूर्ण संच म्हणजे कॅट. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट हे चार रंग, प्रत्येकी १३ पानं, एकूण ५२. जोकर वेगळे.

पिसणं आणि काटणं यांत गल्लत नको. पिसल्यावर क्रम मोडतो. काटल्यावर, म्हणजे वरचा गठ्ठा उचलून खाली घातल्यावर, तो फक्त फिरतो, माळ फिरवावी तसा. कितीतरी जादू यावरच उभ्या आहेत! तळाचं पान आधी हळूच पाहून ठेवा. प्रेक्षकाने आपलं पान वर ठेवून कॅट काटला, की तुम्ही पाहिलेलं पान नेमकं त्याच्या पानाच्या डोक्यावर येऊन बसतं. हेच खुणेचं पान, ते दिसलं की त्याच्या खालचं पान प्रेक्षकाचं. घरी वीसदा तरी करून बघा.

कॅट घट्ट झाकणाच्या डबीत आणा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत कागदी पानं चिकटतात. गेल्या पावसात माझी दोन पानं एकदम सरकली आणि जादू तिथेच फसली.

कोणाकडे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा असेल तर जरूर दाखवायला आणा. गोल पानं, १० रंग, एकूण १२० पानं. हाताने रंगवलेली असतात, त्यामुळे पिसायला कोणी मागू नये.