डेंग्यूच्या बातमीत प्लेटलेट असतात, सलाईनचा हिशेब नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की वृत्तपत्रांत डेंग्यूच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक बातमीत रुग्णाच्या प्लेटलेट किती हजारांवर उतरल्या हे ठळकपणे दिलेले असते. अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर म्हणून मला या आकड्याचे महत्त्व अवाजवी वाटते. गंभीर डेंग्यूत जिवावर बेतते ते बहुधा रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपल्याने येणाऱ्या शॉकमुळे (अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याची अवस्था), आणि त्यावरचा मुख्य उपचार म्हणजे शिरेतून मोजून दिलेले द्रव.

ही गळती साधारणपणे ताप उतरण्याच्या सुमारास वाढते आणि २४ ते ४८ तास टिकते. म्हणजे घरचे लोक निर्धास्त होतात, नेमकी तीच वेळ जोखमीची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार शॉकची लक्षणे असूनही मोठ्या माणसाचा रक्तदाब टिकून असेल, तर पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे ५ ते १० मिलिलिटर द्रव द्यायचे असते. पन्नास किलोच्या रुग्णाला हे अर्धी ते एक बाटली होते. त्यानंतर नाडी, लघवी आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) पुन्हापुन्हा पाहून वेग पायरीपायरीने उतरवत न्यायचा असतो. हिमॅटोक्रिट खाली आला आणि तरीही रुग्णाची प्रकृती ढासळत असेल, तर आत कुठेतरी रक्तस्राव होत असल्याचा संशय घ्यावा लागतो. अशा वेळी आणखी सलाईन नव्हे, रक्त लागते.

सर्वांत अवघड निर्णय सलाईन बंद करण्याचा. गळती थांबली की झिरपलेले द्रव आपोआप रक्तात परतू लागते, आणि तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर ते पाणी फुप्फुसांत साठून शॉकमधून बाहेर आलेला रुग्ण धापा टाकू लागतो. केनिया, युगांडा आणि टांझानियातील तीन हजारांवर आजारी मुलांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झपाट्याने द्रव दिलेल्या गटांत ४८ तासांतील मृत्यू सुमारे साडेदहा टक्के, तर तसे न दिलेल्या गटात ७.३ टक्के आढळले. ती मुले डेंग्यूची नव्हती, तेथे व्हेंटिलेटरचीही सोय नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु ‘सलाईनने अपाय तर होत नाही ना’ या समजुतीला त्याने कायमचा धक्का दिला.

कोणते द्रव, या प्रश्नावर मात्र नातेवाइकांचा पैसा विनाकारण खर्च होतो. व्हिएतनाममध्ये डेंग्यू शॉकच्या मुलांवर झालेल्या २००५ च्या चाचणीत मध्यम तीव्रतेच्या शॉकला सुरुवातीस स्वस्त रिंगर लॅक्टेट (क्षारांचे साधे द्रावण) पुरेसे ठरले. महागड्या स्टार्चच्या द्रावणांनी सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांत मूत्रपिंडांना इजा होते हे २०१२ मध्ये दिसले आणि युरोपात ती २०२२ मध्ये बाजारातून हटवण्याचा निर्णय झाला. साधे सलाईन, म्हणजे मिठाचे पाणी, चालते, पण त्यात क्लोराइड रक्तापेक्षा दीडपट असल्याने ते फार दिल्यास रक्तातील आम्लता वाढते. हजारो रुपयांच्या अल्ब्युमिनची (रक्तातील प्रथिनाच्या द्रावणाची) चिठ्ठी हातात पडली, तर ते कशासाठी, हे नातेवाइकांनी जरूर विचारावे. प्लेटलेटच्या पिशव्यांबाबतही हेच. सिंगापूर व मलेशियातील २०१७ च्या चाचणीत, प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली असूनही रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना त्या देऊन रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. तरीही रक्तपेढ्यांपुढील धावपळ काही थांबत नाही!

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की, रुग्णालयात विचारपूस करताना प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट आणि रक्तदाबही विचारावा. रुग्णालयांनीही दिवसभरात किती द्रव आत गेले, किती लघवी झाली आणि आज वेग का कमी केला, हे रोज संध्याकाळी नातेवाइकांना सांगावे. ती नोंद खाटेपाशी सिस्टर तासातासाला ठेवतातच, त्यामुळे वेगळा कागद करण्याचीही गरज नाही.

आपला,
अतिदक्षता विभागातील एक डॉक्टर, नाशिक