हिरव्या खुणेच्या मागे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल राग मानू नकोस. पुढच्या सत्रापासून तुमच्याकडे गणिताचा अर्धा सराव ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर घ्यायचे ठरले आहे आणि दोन वर्षे तो वर्गात वापरल्यावर माझे मत काय झाले, असे तू विचारले आहेस. मत दोन ओळींत देता आले असते, तर ते मी त्याच दिवशी कळवले असते. परंतु या दोन वर्षांत माझे मत निदान तीनदा बदलले, आणि ते कशामुळे बदलले हे सांगितल्याशिवाय नुसते मत तुझ्या फारसे उपयोगी पडणार नाही.

प्रथम जे निर्विवाद चांगले आहे ते सांगतो. सदतीस मुलांच्या वह्या तपासून परत देईपर्यंत पूर्वी दोन दिवस जात, आणि तोवर आपण ते उदाहरण कसे सोडवले होते हे मूल विसरलेले असे. आता उत्तर लिहिल्याक्षणी बरोबर की चूक हे त्याला कळते. ही काही आजची कल्पना नव्हे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले होते. मुले उदाहरणे सोडवून निकालाची वाट पाहत बसतात आणि हुशार-मंद सर्वांना एकाच चालीने चालवले जाते, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या आणि त्यानंतर त्यांनी आपले शिकवण्याचे यंत्र तयार केले. ती यंत्रे केव्हाच मागे पडली, पण त्यांनी दाखवलेल्या दोन्ही उणिवा खऱ्या होत्या, आणि आजचा प्लॅटफॉर्म त्या बऱ्याच अंशी भरून काढतो. माझ्या वर्गातली एक मुलगी वर्षभर तोंडातून शब्द काढत नसे. तिने प्लॅटफॉर्मवरच्या संदेशाच्या चौकटीत मला पहिला प्रश्न विचारला, आणि तो इतका नेमका होता की दुसऱ्या दिवशीचा माझा तास त्याच प्रश्नाने सुरू झाला. असा प्रश्न मोठ्याने विचारायला तिला कदाचित आणखी एक वर्ष लागले असते.

तेव्हा पहिल्या सत्रात मी खूश होतो. वर्ग शांत, माना खाली, आणि माझ्या पडद्यावर सदतीस नावांपुढे एकेक करून हिरव्या खुणा उमटत आहेत, हे दृश्य शिक्षकाला फार सुखावते. आपण शिकवलेले पोचले, असे वाटते.

हे सुख दशांश अपूर्णांकांनी घालवले. लहानमोठेपणाचा दहा प्रश्नांचा सराव होता आणि त्यात ऐंशी टक्के मिळाले की त्या घटकापुढे हिरवी खूण येत असे. बहुतेक वर्ग हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी, केवळ उजळणी म्हणून, मी फळ्यावर ०.६, ०.३५ आणि ०.१२५ या संख्या लिहिल्या आणि चढता क्रम विचारला. पहिल्या बाकावरच्या मुलाने खडू घेऊन त्या मी लिहिल्या होत्या त्याच क्रमाने पुन्हा लिहिल्या. सहा, मग पस्तीस, मग एकशे पंचवीस! मी वर्गाकडे पाहिले, तर निम्म्याहून अधिक माना होकारार्थी हलत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नावापुढे आदल्या दिवशी मी स्वतः हिरवी खूण पाहिली होती.

त्या संध्याकाळी मी ते दहाही प्रश्न कागदावर उतरवून घेतले. त्यांपैकी आठ प्रश्नांत जी संख्या लांब होती तीच मोठी होती: ०.७५ आणि ०.६, ३.४८ आणि ३.२, अशा जोड्या. म्हणजे दशांश चिन्हापुढचे अंक ही एक स्वतंत्र पूर्ण संख्या आहे, असे मनाशी धरून बसलेल्या मुलाला दहापैकी बरोबर आठ गुण पडणार होते, आणि हिरव्या खुणेची पायरीही आठच होती. यापेक्षा विचित्र गोष्ट दुसऱ्या टोकाला घडली. वर्गातल्या दोन मुलांना शतांश दशांशापेक्षा लहान असतो एवढे पक्के कळले होते आणि त्यावरून त्यांनी ०.४५ पेक्षा ०.३ मोठे, असा निष्कर्ष काढला होता. त्यांचाही निष्कर्ष चुकीचाच, पण स्थानिक किमतीचा विचार करायला निदान त्यांनी सुरुवात केली होती. त्यांना दहापैकी दोन गुण मिळाले आणि प्लॅटफॉर्मने त्यांना मागच्या इयत्तेच्या सरावाकडे परत पाठवले. एक पाऊल पुढे असलेली मुले लाल, आणि ज्यांना काहीच प्रश्न पडला नव्हता ती हिरवी.

यात माझा दोष नव्हता असे नाही. मी स्वतः वर्गात ‘शून्य पॉइंट पस्तीस’ असे वाचत होतो. ‘पस्तीस’ हा शब्द कानावर पडला की मुलाच्या डोक्यात तीन दहा आणि पाच एवढेच येणार. ‘शून्य पॉइंट तीन पाच’ म्हटले तर निदान ती चूक आपण आपल्या तोंडाने शिकवत नाही. अध्यापनाच्या पाठांत आपल्याला हे सांगितले होते आणि मी विसरलो होतो. मुलांची उत्तरे त्यांच्या तोंडून ऐकण्याची वेळ आली, तेव्हाच मला माझे वाचणेही ऐकू आले.

हे सगळे मला नवे वाटले खरे, पण ते जुनेच आहे. स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकाने १९७३ साली बेनी नावाने ओळखल्या गेलेल्या सहावीतल्या एका मुलाच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. बेनीच्या शाळेत संगणक नव्हते. पण प्रत्येकाने आपापल्या गतीने पुस्तिका सोडवायच्या, उत्तरसूचीवरून तपासून घ्यायच्या आणि ऐंशी टक्के मिळाले की पुढच्या पुस्तिकेकडे जायचे, अशी पद्धत होती. आजच्या प्लॅटफॉर्मची कागदी आवृत्तीच म्हण ना. बेनीची प्रगती उत्तम समजली जात होती. मुलाखतीत मात्र असे दिसले की २/१० चे दशांश रूप तो १.२ करतो आणि ५/१० चे १.५, कारण अंश आणि छेद यांची बेरीज करून मध्ये एक टिंब द्यायचे, असा त्याचा नियम होता. अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. नियम कुणीतरी ठरवून ठेवलेले असतात आणि आपले काम उत्तरसूचीला हवे ते उत्तर हुडकून काढण्याचे आहे, अशी त्याची गणिताबद्दलची समजूतच झाली होती.

बेनीची आठवण मला का येते ते सांगतो. आमच्या प्लॅटफॉर्मवर एका उदाहरणाचे उत्तर १/२ असे अपेक्षित होते. एका मुलाने २/४ लिहिले आणि ते चूक ठरले. दुसऱ्याने उत्तराच्या मध्ये एक मोकळी जागा सोडली, तेही चूक ठरले. पहिला मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, त्याला काय हवंय?” उत्तर किती, असे त्याने विचारले नाही, त्याला काय हवे आहे, असे विचारले. त्यानंतर हा प्रश्न मला वर्गात वारंवार ऐकू येऊ लागला, आणि तो ऐकू आला की मी हातातले काम थांबवतो, टॅब्लेट पालथे ठेवायला सांगतो आणि त्या मुलाला फळ्याजवळ बोलावतो. हा माझा एकमेव कडक नियम आहे.

हिंटांचे प्रकरण तुला लवकरच कळेल. बहुतेक ठिकाणी शेवटची हिंट म्हणजे खुद्द उत्तरच असते, आणि हा शोध कोणत्याही वर्गाला लागायला एक तास पुरतो. रायन बेकर या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली, विचार न करता हिंटा उघडत उत्तरापर्यंत जाण्यासारख्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अशी युक्ती वारंवार वापरणारी मुले, योग्य रीतीने सराव करणाऱ्यांच्या मानाने दोन तृतीयांशच शिकली, असे त्यांना आढळले. मला इतक्या बारकाईने मोजता आले नाही, पण एक खूण सापडली. चार-पाच सेकंदांच्या अंतराने तीन हिंटा आणि लगेच बरोबर उत्तर, असे ज्याच्या नोंदीत दिसेल त्याला मी तेच उदाहरण संख्या बदलून वहीत करायला देतो. शिक्षा म्हणून नव्हे, आणि तसे मी त्याला सांगतोही. तरी त्याला ती शिक्षाच वाटते, याला माझा इलाज नाही.

एका बाबतीत मात्र प्लॅटफॉर्मने मला खरोखर जिंकले. शिकवून झालेला भाग आठवडा-दोन आठवड्यांनी अचानक पाच प्रश्नांच्या रूपाने पुन्हा समोर आणणे हे हाताने करायचे म्हटले तर फार कष्टाचे होते, आणि खरे सांगायचे तर मी ते कधीच नियमाने केले नव्हते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना अधिक आठवत होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले, ५६ टक्के विरुद्ध ४२. माझ्या वर्गात या पाच प्रश्नांचे गुण मी कुठेही नोंदवत नाही. गुण नोंदवायला लागलो की मुले आदल्या रात्री उजळणी करून येतील, आणि मग त्या प्रश्नांचा उपयोगच उरणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न, कारण प्लॅटफॉर्म आला की शिक्षकाचा वेळ वाचतो असे तुलाही सांगितले गेले असेल. वह्या तपासण्याचा वेळ वाचतो, हे खरे आहे. परंतु तो वेळ मला परत मिळालेला नाही. तो चुकीची उत्तरे वाचण्यात जातो, आणि माझ्या मते तो तिथेच जायला हवा. किती जणांचे चुकले, हा आकडा मी आता जवळजवळ पाहत नाही. सर्वांनी मिळून कोणते चुकीचे उत्तर दिले, हे पाहतो. अकरा मुलांची अकरा वेगळी चुकीची उत्तरे असतील तर ती घाई असते किंवा कंटाळा असतो. अकरा जणांनी १/२ + १/३ चे उत्तर २/५ दिले असेल, तर त्या अकराही जणांच्या डोक्यात एक नियम आहे आणि तो मला उद्या फळ्यावर उलगडून दाखवायचा आहे. अर्ध्याला काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे आले, एवढे विचारून मी गप्प बसतो. रोज रात्रीची वीस मिनिटे मी या वाचनासाठी ठेवली आहेत आणि गेल्या दोन वर्षांत माझे शिकवणे सुधारले असेल तर ते या वीस मिनिटांमुळे.

दुर्दैवाने वरिष्ठांना यातले काही दिसत नाही. आमच्याकडे दर महिन्याला वापराच्या मिनिटांचा अहवाल मागितला जातो. ज्या तासाला मी टॅब्लेट पालथे ठेवून दशांश चिन्ह पुन्हा पहिल्यापासून शिकवले, तो तास त्या अहवालात शून्य मिनिटांचा भरला आणि त्याचे स्पष्टीकरण मला लेखी द्यावे लागले. मी ते दिले, दोन पाने भरून दिले. ते कुणी वाचल्याचे अजून तरी जाणवलेले नाही. तुझ्यावरही ही वेळ येईल; तेव्हा अशा तासांची तारीख आणि कारण एका वहीत लिहून ठेवत जा.

लॉगिन, विसरलेले पासवर्ड, ऐन वेळी संपलेली बॅटरी आणि गेलेले नेटवर्क यांविषयी लिहीत नाही. पहिला महिना त्यातच जाईल असे धरून चाल, आणि प्रत्येक तासाला त्याच विषयाचा एक कागदी स्वाध्याय पिशवीत असू दे.

प्लॅटफॉर्म घ्यावा की नाही, हे तू ठरवायचे नाहीसच. ते ठरून गेले आहे. माझी तुला एकच विनंती आहे. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात तुझ्या वर्गाची चुकीची उत्तरे उतरवून घे आणि मला पाठव, मुलांची नावे वगळून. मी माझी पाठवतो. दशांश अपूर्णांकांवर मी स्वतः वीस प्रश्नांचा एक संच केला आहे. त्यात लांब संख्या मोठी असलेल्या जोड्या सात, लहान असलेल्या सात आणि ०.५ व ०.५० सारख्या सहा आहेत. तो या पत्रासोबत जोडला आहे. तो वर्गाला देण्यापूर्वी एकदा स्वतः सोडवून पाहा. बाराव्या प्रश्नात माझी स्वतःचीच चूक राहून गेली होती आणि ती एका मुलीने दाखवून दिली. आता दुरुस्त केली आहे, पण आणखी एखादी असेल तर कळव.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र