डोकी मोजा, पण दाटी आधी

महोदय,
आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला लाखो माणसं येतात, असं दरवर्षी छापून येतं. किती लाख, ते सांगणाऱ्यावर अवलंबून! जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, गर्दीचा आकडा मात्र अंदाजाने. कॅमेऱ्यातून डोकी मोजणारी संगणक प्रणाली इथे जरूर बसवावी.

पण एकूण आकड्यापेक्षा दाटी महत्त्वाची. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसं झाली, की पाय आपले राहत नाहीत, गर्दीच पुढे रेटते. ओटी भरायच्या रांगेत मी हे अनुभवलंय. नारळ सांभाळू की लेकीचा हात, अशी गत झाली होती. ही प्रणाली कुठे किती डोकी आहेत याचा नकाशाच काढते. एकामागे एक झाकलेली डोकी तिला नीट दिसत नाहीत, म्हणून कॅमेरे उंचावर हवेत; मंडपाखालची डोकी वरून दिसत नाहीत, म्हणून मंडपाच्या आतही हवेत. चेहरे ओळखायची गरजच नाही.

प्रयागराजच्या कुंभात असे कॅमेरे होते, तरी २९ जानेवारी २०२५ ला चेंगराचेंगरी झालीच. म्हणून पडद्यावरच्या नकाशात जास्त दाटीचा लाल रंग दिसताच रांग कोण अडवणार आणि एसटीच्या गाड्या कुठे थांबवणार, हे जत्रेआधीच ठरवून जाहीर करावं.

– एक वाचक, मालवण